ट्रेकहून परतल्यावर आधी काय, मग काय

दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस म्हणजे सह्याद्रीतल्या लांब पल्ल्याच्या भटकंतीचा हंगाम. पाऊस ओसरलेला असतो, गडांवरची टाकी भरलेली असतात, ओढ्यांना अजून धार असते आणि दिवाळीची सुट्टी हाताशी असते. रतनवाडीहून रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगड गाठायचा, किंवा राजगड-तोरणा करून पुढे रायगडाकडे उतरायचं, असे चार-सहा दिवसांचे बेत याच दिवसांत जमतात. जाण्याच्या तयारीबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं जातं. सॅक कशी भरायची, पाणी किती घ्यायचं, मॅट कुठे बांधायची, हे नवख्यालाही दहा जण सांगतात. परत आल्यानंतरच्या आठवड्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. त्या आठवड्यात तंबूला बुरशी धरते, बुटांचे तळ सुटतात, ठणकणाऱ्या पायांनी ऑफिस गाठावं लागतं आणि घरात धुसफूस होते. मग पुढच्या वेळी सुट्टी मागताना घरचे आणि ऑफिसातले, दोघांचेही चेहरे पडतात.

हे टाळता येतं. त्यासाठी कामांचा क्रम तेवढा बदलावा लागतो. घरी पोचल्यावर समोर दिसणाऱ्या प्रत्येक कामाबद्दल एकच प्रश्न विचारा: हे दोन दिवस तसंच राहिलं तर बिघडेल, की नुसतं साचेल? ओला तंबू बिघडतो. टाचेवरचा फोड चिघळतो. कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात डास होतात. गावातल्या माणसाचे द्यायचे राहिलेले पैसे विश्वास बिघडवतात. उलट ई-मेल, व्हॉट्सॲपचे ग्रुप, फोटो आणि दाराखालून सरकवलेली पत्रकं नुसती साचतात, आणि त्यातली निम्मी आपण हात न लावताच कालबाह्य होतात. आपण बहुतेक जण नेमकं उलटं करतो. सॅक कोपऱ्यात टाकतो, फोन चार्जिंगला लावतो आणि राहिलेले मेसेज वाचत बसतो. आधी बिघडणारं, मग साचणारं, एवढं धरून चाललात तरी घराची घडी दोन-तीन दिवसांत बसते.

शक्य असेल तर बेत आखतानाच परतीनंतरचा एक दिवस मोकळा ठेवा. रविवारी रात्री उशिरा घरी पोचून सोमवारी सकाळची लोकल पकडण्यापेक्षा एक गड कमी करून शनिवारी रात्री परतलेलं केव्हाही बरं, असं माझं ठाम मत आहे. स्वतःची गाडी नेली असेल तर हे अधिकच खरं. दिवसभर उतरून थकलेल्या माणसाने रात्री माळशेज घाटातून किंवा कसाऱ्याहून गाडी हाकत येणं हा अख्ख्या ट्रेकमधला सर्वांत धोक्याचा टप्पा असू शकतो. डोळे जड होऊ लागले की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि वीसेक मिनिटं झोपा, मगच पुढे निघा. खिडकीची काच खाली केल्याने किंवा गाणी मोठ्याने लावल्याने झोप जात नाही.

पहिले दोन तास ओल्या सामानाचे

सॅक आहे तशी दिवाणखान्यात आणू नका. गच्चीवर, बाल्कनीत किंवा न्हाणीघरात नेऊन पूर्ण रिकामी करा. वरचा कप्पा, कमरेच्या पट्ट्याचे खिसे, आतला चोरकप्पा, सगळं उलटं करून झटका. अर्धी चिक्की, काकडीचा तुकडा, ओला रुमाल या गोष्टी नेमक्या तिथेच दडून बसतात. आणलेला कचराही याच वेळी निस्तरा. नूडल्सची आणि बिस्किटांची पाकिटं पाण्याने विसळून, वाळवून सुक्या कचऱ्यात द्या. गडावरून तो खाली आणण्याचे कष्ट घेतले, तर शेवटचं पाऊल अर्धवट नको.

आता कपडे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या ट्रेकचं स्वतःचं असं एक दुखणं आहे, ते म्हणजे कुसळं. पावसात कोवळं असलेलं गवत आता कंबरेएवढं वाढून वाळू लागलेलं असतं आणि मोजे, पँटचे पाय, बुटांच्या नाड्या कुसळांनी भरून जातात. एक कुसळ हातात घेऊन उजेडात नीट बघा. एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी असतं, त्या बीवर मागच्या दिशेला वळलेले राठ केस असतात आणि त्यामागे पीळ पडलेली लांब शेपटी असते. ही शेपटी ओली झाली की तिचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा पडतो. या गोल फिरण्याने बी जमिनीत स्वतःला रुजवून घेतं. जमिनीऐवजी मोजा मिळाला, तर ते मोज्यात शिरतं. म्हणजे कुसळं न काढता कपडे भिजत घातले, की आपण त्यांना आत शिरायला मदतच करतो. मशीनमध्ये टाकले तर ती घरातल्या इतरांच्या कपड्यांतही जातात आणि आठवडाभर कुणालातरी टोचत राहतात.

म्हणून कुसळं कोरड्यावरच काढायची. शेपटी धरून मागे खेचलं तर ते राठ केस धाग्यांत अडकतात, शेपटी तुटून हातात येते आणि बी आतच राहतं. त्याऐवजी मोजा उलटा करा, आत आलेलं अणकुचीदार टोक चिमट्यात पकडा आणि ज्या दिशेने ते शिरलं त्याच दिशेने आरपार ओढून घ्या. पँटवरची वरवर अडकलेली कुसळं जुन्या कंगव्याने निघतात. काढलेली कुसळं, आघाड्याचं आणि इतर चिकटलेलं बी कागदावर जमा करून बंद पिशवीतून कचऱ्यात टाका, खिडकीतून झटकू नका. बरोबर कुत्रा नेला असेल तर त्याच्या बोटांच्या बेचक्या, कान आणि काखा आधी तपासा. कुसळ कुत्र्याच्या कातडीत शिरून आत सरकत जातं आणि तिथे पू होतो. तो एकसारखा पंजा चाटत असेल किंवा डोकं झटकत असेल, तर वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

वाटेत खाजकुयलीच्या वेलीला घासला असाल तर ते कपडे वेगळेच ठेवा. तिच्या शेंगांवरची सोनेरी-तपकिरी लव कपड्यात राहते आणि धुणाऱ्याच्या हातालाही खाज सुटते. हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवून रुंद चिकटपट्टीने ती लव उचलून घ्या, मग कपडे एकटेच दोन पाण्यांतून काढा. अंगाला लागली असेल तर चोळू नका, तिथेही आधी चिकटपट्टी लावून अलगद उचला, मग साबणाने धुवा.

लगेच वाळणारे टी-शर्ट आणि पावसाळी जॅकेट साध्या सौम्य साबणात धुवा. कपडे मऊ आणि सुवासिक करणारं कंडिशनर त्यांना लावू नका. त्याचा थर बसला की टी-शर्ट घाम शोषेनासा होतो आणि जॅकेटवर पाण्याचे थेंब ठरेनासे होतात.

तंबू हे सर्वांत निकडीचं काम. तो बाहेरून कोरडा वाटला तरी पहाटेच्या दवाची आणि आपल्याच श्वासाची ओल आतल्या बाजूला धरून असतो. घडी घातलेल्या ओल्या तंबूला मुंबई-कोकणातल्या हवेत दोन-तीन दिवसांत कुबट वास येऊ लागतो, आणि एकदा बुरशीचे काळे ठिपके पडले की ते जात नाहीत. शिवाय ओल राहिली की आतला पाणीरोधक थर हळूहळू चिकट होऊन सुटतो. जागा असेल तर तंबू गच्चीत उभाच करा. नसेल तर दोरीवर पसरून चार-सहा तासांनी बाजू बदला. वाळवायचा तो सावलीत. कडक उन्हात नायलॉनचा दम जातो, आणि ऑक्टोबर हीटचं ऊन साधं नसतं. तळ ओल्या फडक्याने पुसा, चेनमधली माती जुन्या टूथब्रशने काढा, काठ्यांचे सांधे सोडवून वाळवा.

स्लीपिंग बॅग दर ट्रेकनंतर धुवायची गरज नसते, तिला हवा लागली पाहिजे. पूर्ण उघडून, आतली बाजू बाहेर करून एक-दोन दिवस सावलीत टांगा. त्यानंतर तिच्या छोट्या आवळ पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. महिनोन्‌महिने दाबून राहिलेलं भरण पुन्हा फुगत नाही, आणि ऊब त्या फुगण्यातच असते. जुन्या सुती साडीची किंवा धोतराची ऐसपैस पिशवी शिवून घ्या, बॅग तिच्यात सैल राहू द्या.

बुटांच्या नाड्या सोडा, आतला सोल बाहेर काढा. चिखल वाळला की कडक ब्रशने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते दर काही तासांनी बदला, ओल आश्चर्य वाटावं इतक्या लवकर निघते. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलात तर तळाचा गोंद सैल पडतो. पुढच्या गडाच्या अर्ध्या वाटेवर तळ 'आ' वासतो, त्याचं एक मोठं कारण हे असतं. दुसरं कारण वय. काही बुटांच्या तळातला फोम नुसता कपाटात पडूनही काही वर्षांत भुसभुशीत होतो. म्हणून साफ करतानाच तळ दोन्ही हातांनी वाकवून बघा, भेग दिसली तर आत्ताच चांभाराकडे द्या. तळाच्या खाचांतली माती काढण्यामागे आणखी एक कारण आहे. त्या मातीबरोबर गाजरगवतासारख्या तणांचं बी एका डोंगरावरून दुसऱ्यावर जातं. २०१२ सालापासून जागतिक वारसा यादीत असलेल्या कासच्या पठारावर किंवा तशाच एखाद्या सड्यावर पुढच्या वेळी जाणार असाल, तर बूट स्वच्छ असणं ही तिथल्या फुलांची थेट राखण आहे.

उरलेलं सामान चटकन आवरतं. हेडटॉर्चमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतले पत्रे गंजवतात. नळीची पाण्याची पिशवी कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने धुऊन, पाणी पूर्ण निथळू देऊन थेट फ्रीझरमध्ये ठेवा, तिथे बुरशी धरत नाही. गॅसचा डबा गाडीत किंवा स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळ राहू देऊ नका. वजनकाट्यावर ठेवून उरलेलं वजन मार्करने डब्यावरच लिहा, म्हणजे पुढच्या वेळी अंदाजाने तीन डबे उचलावे लागणार नाहीत. प्रथमोपचाराची पेटी मात्र त्याच दिवशी भरा. कुणाला बँडेज लागलं, जलसंजीवनीची किती पाकिटं संपली, हे आज लक्षात असतं, महिन्याभराने नसतं.

शरीराची विचारपूस

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलू लागतात, आणि बरेच जण घाबरतात, कारण चढताना तर काही झालं नव्हतं. दुखणं चढाचं नसतंच, उताराचं असतं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात आणि त्यात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. हे दुखणं साधारण बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवतं आणि मग उतरतं. त्यावर पडून राहणं हा उपाय नाही. सपाट रस्त्यावर वीस-तीस मिनिटं सावकाश चाला, भरपूर पाणी प्या, वरण-भात, उसळ, अंडी असं प्रथिनांचं जेवण पोटभर घ्या आणि दोन रात्री नेहमीपेक्षा तासभर आधी झोपा. दोन दिवस भूक जास्त लागते, ती भागवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा वेदनाशामक गोळ्या परतल्या रात्रीच घेऊ नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्यांचा मूत्रपिंडांवर ताण येतो.

काही खुणा मात्र साध्या नाहीत. लघवी गडद, चहासारखी झाली आणि स्नायू सुजून प्रचंड दुखत असतील तर थेट रुग्णालय गाठा. लांबच्या बसप्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर ती शिरेत रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तेल लावून रगडू तर अजिबात नका.

टाचेवरचा न फुटलेला फोड फोडू नका, त्याची वरची कातडी हीच सर्वांत चांगली पट्टी असते. फुटला असेल तर साबण-पाण्याने धुऊन, कातडी न काढता पट्टी बांधा आणि दोन दिवस मागून उघडी चप्पल घाला. अंगठ्याचं नख काळं पडलं असेल तर उतारावर ते बुटाच्या पुढच्या भागावर आपटत होतं. ठणका असह्य असेल तर डॉक्टरांकडे जा, नाहीतर नवं नख यायला बरेच महिने लागतात, इतकंच. पुढच्या वेळी उतरण्याआधी नखं कापा आणि घोट्याजवळ नाडी घट्ट बांधा.

पहिल्या अंघोळीच्या वेळी आरशासमोर उभं राहून अंग नीट तपासा: काखा, जांघा, कंबरपट्ट्याची रेघ, गुडघ्यांमागची लवण, कानांमागे, केसांत. मुलांना नेलं असेल तर त्यांचं अंग आधी. गोचीड दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ, संथपणे ओढून काढा. रॉकेल, काडीचा चटका, तेल, हे काही करू नका. जळवा ऑक्टोबरात कमी झालेल्या असतात. त्यांच्या चाव्याची खाज काही दिवस राहते, ती खाजवून जखम होऊ द्यायची नाही एवढंच.

मुख्य लक्ष ठेवायचं ते पुढचे तीन आठवडे, आणि इथे मी मुद्दाम थांबून सांगतो, कारण अंगदुखीच्या नादात ताप अंगावर काढणारे बरेच असतात. गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. पावसाळ्यानंतरचे महिने हा त्याचा काळ. चाव्यानंतर साधारण सहा ते एकवीस दिवसांत ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू होते. चावलेल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली पडते. ती दुखत नाही आणि काखेत, जांघेत, कंबरेच्या पट्ट्याखाली अशा झाकलेल्या जागी असते, म्हणून शोधल्याशिवाय सापडत नाही. प्रत्येक रुग्णात ती असतेच असंही नाही. चिखलातून, साचलेल्या पाण्यातून पायाला जखम असताना चालला असाल तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता असते, तो बहुधा पाच ते चौदा दिवसांत डोकं वर काढतो. त्यात पोटऱ्या फार दुखतात, डोळे लाल होतात. ट्रेकच्या पोटरीदुखीशी त्याची गल्लत होऊ देऊ नका. ट्रेकची पोटरी चौथ्या-पाचव्या दिवशी बरी होऊ लागते आणि तिच्याबरोबर ताप नसतो. सावंतवाडी-दोडामार्ग भागात किंवा गोव्यात सत्तरीच्या रानात फिरून आला असाल, तर तिथे गोचिडीतून पसरणारा माकडतापही आढळलेला आहे.

म्हणून परतल्यानंतरच्या तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: मी अमुक तारखांना अमुक डोंगरात होतो, गवतात झोपलो, ओढ्याचं पाणी प्यायलो. वेळेवर ओळखले तर स्क्रब टायफस आणि लेप्टो दोन्ही साध्या औषधांनी बरे होतात, उशीर झाला तर जिवावर बेततात, आणि डॉक्टरांना डोंगराची गोष्ट कळली नाही तर तपासण्या भलत्याच दिशेने जातात. डेंगी नाही हे कळेपर्यंत तापावर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःहून घेऊ नका. टाक्याचं पाणी न उकळता प्यायला असाल आणि आठवडा-दोन आठवड्यांनी पोट फुगणं, जुलाब, घाण वासाचे ढेकर सुरू झाले, तर ते कालच्या मिसळीवर ढकलू नका, शौचाची तपासणी करून घ्या.

घर, आणि घरातली माणसं

घर आठवडाभर बंद असेल तर दूध-भाजी आणण्याआधी साचलेलं पाणी शोधा. डेंगी पसरवणाऱ्या डासाचं अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंतचं चक्र उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत पुरं होतं, म्हणजे साधारण तुमच्या सुट्टीएवढ्याच काळात. कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलरची टाकी, फ्रिजच्या मागचा पाणी जमणारा ट्रे, न्हाणीघरातली बादली, गच्चीवर उपडं न ठेवलेलं पातेलं, सगळं ओता आणि आतून काथ्याने घासा. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. नुसतं ओतून पुन्हा पाणी भरलं की ती फुटतात. वरच्या टाकीचं झाकण लागलेलं आहे का, तेही एकदा बघून या.

त्यानंतर नळ दोन मिनिटं सोडून द्या, फ्रिजमधलं संशयास्पद सगळं टाका, दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला निरोप द्या. ज्या शेजाऱ्यांनी किल्ली सांभाळली, झाडांना पाणी घातलं, त्यांच्याकडे त्याच दिवशी जाऊन या. बरोबर जुन्नर-अकोल्याकडून आणलेला तांदूळ किंवा मधाची छोटी बाटली असेल तर उत्तम, नसेल तर रिकाम्या हातानेही जा. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये मानलेले आभार त्यांना पोचत नाहीत.

घरी कुणी मागे राहिलं असेल, बायको, नवरा, आई-वडील, लहान मुलं, तर माझं म्हणणं स्पष्ट आहे. तुम्ही डोंगरात असताना तुमच्या वाटणीचं काम कुणीतरी केलेलं आहे. मुलांना शाळेत सोडणं, आजोबांना तपासणीला नेणं, गॅसचा नंबर लावणं. परतल्यावर पहिले दोन-तीन दिवस ती कामं स्वतःहून उचला, कुणी सांगण्याची वाट पाहू नका. पाय दुखत असले तरी भाजी निवडता येते, मुलांचा अभ्यास घेता येतो. आणि पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना बसवून सगळे फोटो दाखवू नका. त्यांच्या आठवड्यात काय झालं ते आधी विचारा, ऐकून घ्या. कोकणकड्यावरचा सूर्यास्त दोन दिवसांनीही तेवढाच छान दिसतो, आणि तेव्हा लोक तो मनापासून बघतात.

पैसे, ऑफिस आणि वही

डोंगरातल्या वाड्यांमध्ये रेंज येते-जाते. मुक्कामाचे, जेवणाचे, वाटाड्याचे पैसे देताना ऑनलाइन व्यवहार अडकतो आणि आपण 'पुण्याला गेल्यावर पाठवतो' म्हणून निघतो. हे पैसे रेंज आल्याबरोबर, घरी पोचायच्याही आधी पाठवा, आणि फोन करून मिळाले का विचारा. आपल्या लेखी ती दोन जेवणांची रक्कम असते, त्या घराने मात्र आपल्यासाठी किराणा आधीच भरलेला असतो, कधी उधारीवर. पुढच्या ग्रुपला त्या पडवीत जागा मिळेल की नाही, तेही यावर ठरतं. ग्रुपमधली कॉन्ट्रीसुद्धा दोन दिवसांत मिटवा. ज्याने गाडीचं डिझेल आणि किराणा भरला, त्याने एकदाच सविस्तर हिशोब टाकावा, बाकीच्यांनी त्याच दिवशी पैसे द्यावेत. हिशोब जितका लांबतो तितकी 'तो चहा कुणी दिला होता' ही चर्चा वाढते आणि चांगल्या मैत्रीत खडा पडतो.

आता ते साचलेलं. वीज, विमा, कर्जाचे हप्ते यांच्या अंतिम तारखा तेवढ्या एकदा बघून घ्या, बाकी सगळं थांबू शकतं. ऑफिसच्या मेल वाचताना सर्वांत जुन्यापासून सुरुवात करू नका. एकेका विषयाची सर्वांत शेवटची मेल आधी उघडा. सोमवारी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बुधवारी कुणीतरी देऊन टाकलेलं असतं, आणि तुम्ही शनिवारी त्याला नव्याने उत्तर लिहिलंत तर दुसऱ्यांचं काम वाढतं. सकाळी पहिला तासभर फक्त वाचा आणि तीन-चार नावं काढा: कोण माझ्यासाठी खोळंबलंय? त्यांना प्रत्यक्ष भेटा किंवा फोन करा. तुमच्या जागी ज्याने काम ओढलं त्याच्याशी पंधरा मिनिटं बसा, तो जे सांगेल ते शंभर मेलमधून कळणार नाही. पहिल्या दिवशी मोठे निर्णय, लांबलचक मीटिंग आणि रात्री उशिरापर्यंत बसून 'भरपाई' करणं टाळा. झोप पुरी झालेली नसते आणि चुका निस्तरण्यात तिसरा दिवस जातो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपचं सगळं मागचं वाचायची गरज नाही. कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न ठरलं, एवढं घरच्यांना विचारलं तरी कळतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मन उदास होणं अगदी नेहमीचं आहे. आठवडाभर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालणं, मोकळी हवा, बरोबरची माणसं आणि एकच स्पष्ट काम होतं, आता ते एकदम थांबतं. लगेच पुढच्या ट्रेकची तिकिटं काढण्याआधी रोजच्या दिवसात चालण्याला जागा करा. एक स्टेशन आधी उतरा, सकाळी पर्वती किंवा जवळची टेकडी गाठा, जिने चढा. स्नायू पूर्ण मोकळे झाले की आठवड्याभरात हळूहळू नेहमीचा व्यायाम सुरू करा. कळसूबाईच्या १,६४६ मीटरवर नेणारा दम घरी परतल्यावर काही आठवड्यांतच उतरू लागतो, तो टिकवणं पुन्हा कमावण्यापेक्षा सोपं असतं.

फोटो निवडण्याची घाई नको, फक्त फोनमधून दुसरीकडे उतरवून त्यांची एक प्रत ठेवा. वाडीतल्या मुलांचे, चूल पेटवून भाकऱ्या भाजणाऱ्या मावशींचे फोटो पाठवतो असं कबूल केलं असेल, तर ते स्टुडिओतून कागदावर काढून घ्या आणि पोस्टाने पाठवा. पत्त्यात गावाबरोबर तालुका, जिल्हा आणि पिनकोड लिहिला की पाकीट पोचतं. त्यांच्याकडे फोन असला तरी कागदावरचा फोटो भिंतीवर लागतो.

वही मात्र पहिल्या आठवड्यातच लिहून काढा, आणि वर्णन लिहिण्याआधी माहिती लिहा. कुठल्या टाक्यात पिण्याजोगं पाणी होतं, कुठल्यात शेवाळ होतं, कुठली वाट गवताने बुजली आहे, पावसात कुठे दरड येऊन पायऱ्या गेल्या आहेत, कुठल्या कड्याखाली आग्यामोहळ बसलं आहे, एका टप्प्याहून दुसऱ्याला प्रत्यक्षात किती वेळ लागला, वाडीत मुक्कामासाठी कुणाला फोन करायचा. दरवर्षीच्या पावसाने वाटा बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या नोंदीवर विसंबणं धोक्याचं असतं. सॅकमध्ये न वापरता परत आलेल्या वस्तूंचीही यादी याच पानावर करा, पुढच्या वेळी खांद्यावरचं ओझं तिथूनच कमी होईल. मोहळाची आणि तुटलेल्या वाटेची माहिती आपल्या ओळखीच्या ट्रेकिंग ग्रुपना आणि त्या गावातल्या वाटाड्याला लगेच कळवा. नाताळच्या सुट्टीत त्याच वाटेने शाळा-कॉलेजची पोरं निघतात, आणि त्यांच्या लीडरच्या हाती ती माहिती डिसेंबर उजाडण्याआधी असायला हवी.